घरी कटिंग मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ? (क्रिकट / सिल्हूट / ब्रदर / अजून काही)

रेवा_मुलुंड
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

मी आणि माझी जाऊ गेली तीन वर्षं बारसं, डोहाळजेवण, पहिला वाढदिवस अशा घरगुती कार्यक्रमांची कागदी सजावट करून देतो. शिवाय जाऊबाई दिवाळीत फराळ करतात, त्या डब्यांना लेबलं लागतात, आणि गणपतीच्या आधी सोसायटीतले लोक दारावर लावायला नावं, 'श्री', गौरीची पावलं मागतात. आत्तापर्यंत सगळं कातरीने, नाहीतर स्टेशनजवळच्या रेडियमवाल्याकडून. तो माणूस चांगला आहे पण सीझनला गाड्यांचं काम सोडून माझी दहा पावलं कापत बसणं त्याला परवडत नाही, ते मलाही समजतं.

मागच्या महिन्यात एका बारशाला ६० हत्ती हवे होते, तीन तीन इंचांचे, सोंड वर केलेले. आम्ही दोघी रात्री दोनपर्यंत कापत होतो. सोंडेच्या आतल्या वळणात कातरी फिरतच नाही, तिथे दर हत्तीला थोडा कागद फाटायचा आणि मग मागून चिकटपट्टी. सकाळी उजवा अंगठा सुजलेला. त्याच दिवशी ठरवलं की आता मशीन घ्यायचं.

घर वन बीएचके आहे, मशीन जेवणाच्या टेबलावरच बसणार आणि जेवायच्या वेळी उचलून ठेवावं लागणार. लेकीचा लॅपटॉप आहे पण नेट मोबाइलचंच. आणि मराठी अक्षरं कापता आली पाहिजेत ही पहिली अट. यूट्यूबवर सगळे हॅपी बर्थडे कापून दाखवतात, 'बाळाचं बारसं' कापून कोणीच दाखवत नाही.

कोणाकडे आहे का असं मशीन? खरं काय ते सांगा.

चारुता
अगदी माझ्या मनातला धागा. वाचतेय.

प्लॉटरकाका
रेवाताई, लालबागला आमचं रेडियम कटिंगचं दुकान होतं, २२ वर्षं तेच केलं, आता मुलगा बघतो. म्हणून एक सांगतो, मशीनच्या नावापासून सुरुवात करू नका. आधी एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात काय काय कापलं ते लिहा. कागद किती, रेडियम किती, कापड किती, जाड पुठ्ठा किती. आणि प्रत्येकापुढे सगळ्यात मोठा तुकडा किती इंचांचा होता ते. ती वहीच तुम्हाला मशीन सांगेल. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते चार फुटी प्लॉटर (रेडियम कापायचं दुकानातलं मोठं मशीन) बघून जायचं, आणि त्यांचं काम असायचं सहा इंचांचं.

दुसरं, हाफ कट आणि फुल कट यातला फरक समजून घ्या. रेडियम हाफ कट असतं, म्हणजे वरचा थर कापायचा आणि मागचा कागद शाबूत ठेवायचा. तुमचे हत्ती फुल कट, आरपार. फुल कटला खाली चिकट मॅट लागते, ती खर्चाची वस्तू आहे, कायमची नाही. हे कोणी विकताना सांगत नाही.

मैथिली_पार्ले
माझ्याकडे क्रिकट एक्सप्लोर आहे, चार वर्षं झाली. मी मुख्यतः कार्डशीट आणि लहान मुलांच्या कपड्यांवरची नावं करते (हीट ट्रान्सफर विनाइल, इस्त्रीने चिकटतं ते).

चांगलं आधी सांगते. हातात आल्यावर पहिल्या संध्याकाळी काम सुरू होतं. कुठला कागद आहे ते यादीतून निवडायचं, दाब वगैरे ते स्वतः ठरवतं. १२ बाय १२ ची मॅट, तुझे तीन इंचांचे हत्ती एका शीटवर ९ बसतील, म्हणजे ६० हत्तींना सात शीट. सोंडेचं वळण अगदी लोण्यासारखं कापतं.

आता ज्याचा त्रास होतो ते. सॉफ्टवेअर त्यांचंच वापरावं लागतं, डिझाइन स्पेस, खातं उघडून. लॅपटॉपवर प्रोजेक्ट आधी ऑफलाइनसाठी उतरवून ठेवलं तर नेट नसताना कापता येतं पण ते आठवणीने करावं लागतं.

क्रिकटचंच वरचं मॉडेल, मेकर, हवं का असं विचारशील तर, त्याची ताकद एक्सप्लोरच्या दहापट आहे असं कंपनीच सांगते, कापडासाठी गोल फिरणारं ब्लेड लागतं ते मेकरलाच बसतं, आणि नाइफ ब्लेडने २.४ मिमीपर्यंतचं जाड कापतं. गोधड्या, फेल्टच्या बाहुल्या असं काही करणार असशील तर तेच घे. कागदच कापायचा असेल तर त्या ताकदीचे पैसे कशाला घालायचे? आणि क्रिकटचंच जॉय म्हणून छोटं मिळतं ते साडेचार इंच रुंदीचं, शाळेच्या वह्यांवरच्या नावांना गोड आहे पण धंद्याला लहान पडेल.

निखिल_बोरिवली
मैथिलीताईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे पण माझं मत सिल्हूटला. कारण एकच, सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर आहे आणि नेट असो नसो चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्च २०२१ मध्ये क्रिकटने जाहीर केलं होतं की महिन्याची वर्गणी न भरणाऱ्यांना स्वतःची डिझाइनं महिन्याला फक्त २० चढवता येतील. लोक प्रचंड चिडले, आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे चांगलंच झालं. पण मशीन मी पूर्ण पैसे देऊन घेतल्यावर त्यात किती फायली घालायच्या ते दुसरं कोणी ठरवू शकतं हे त्या दिवशी कळलं. घरगुती धंदा असेल तर हा मुद्दा लहान नाही.

सिल्हूट ही जपानच्या ग्राफटेकची कंपनी आहे, काकांना ग्राफटेक नाव माहीत असेलच. कॅमिओ १२ इंची, पोर्ट्रेट ८ इंची. सिल्हूट स्टुडिओ हे त्यांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण फुकटच्यात एसव्हीजी (नेटवर डिझाइनं ज्यात मिळतात तो फाइलचा प्रकार) उघडत नाही, त्याला पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. पर्याय आहे, इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारची फाइल करून घ्यायची, ते फुकटच्यातही उघडतं. मी पाच वर्षं तेच करतोय.

मैथिली_पार्ले
निखिल, तो मुद्दा मान्य. मीही तेव्हा धसकले होते. पण शिकायला सोपं काय असं विचारलं तर अजूनही क्रिकटच म्हणेन. डीएक्सएफ, पाथ, नोड हे ऐकून माझी बहीण मशीन परत खोक्यात घालून बसली होती.

प्लॉटरकाका
ग्राफटेक म्हणजे काय विचारता! आमच्या दुकानातलं पहिलं चांगलं मशीन तेच. कसली रेघ होती त्याची.

अमोघ_डी
मला वाटतं घेऊच नका. मुंबईत गल्लोगल्ली लेसर कटिंगवाले झालेत. फाइल द्या, संध्याकाळी माल घ्या. मशीन, मॅट, ब्लेड, जागा, कशालाच डोकं नको.

रेवा_मुलुंड
अमोघ, ते करून पाहिलं. एमडीएफच्या पाट्यांना ठीक आहे. पण कार्डशीटला कडेने जळल्याचा तपकिरी रंग येतो, पांढऱ्या आणि बेबी पिंक हत्तीला ते वाईट दिसलं. आणि गिऱ्हाईक रात्री ९ ला फोन करून म्हणतं नावात दीर्घ ऊकार आहे, ऱ्हस्व नाही, उद्या सकाळी ११ ला कार्यक्रम. तेव्हा कुठे जाऊ?

प्लॉटरकाका
अमोघराव, अजून एक. रेडियम, म्हणजे विनाइल, हे पीव्हीसी असतं. लेसरखाली ते जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, माणसाच्या फुप्फुसांना वाईट आणि मशीनलाही गंज. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळतो तोही बहुतेक पीव्हीसी फोमच असतो. चांगला लेसरवाला हे दोन्ही घ्यायला नाही म्हणेल, आणि जो हो म्हणेल त्याच्याकडे उभे राहू नका. हे मी कळकळीने सांगतोय, या धंद्यात खोकणारी माणसं पाहिली आहेत.

अमोघ_डी
हे माहीत नव्हतं काका. धन्यवाद. घरी लेसर घ्यायचा विचार चालला होता, वन आरकेमध्ये. थांबतो.

सुमनकाकू
मी ७१ वर्षांची आहे, मशीनमधलं मला काही कळत नाही, पण कातरकामाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या गिरगावात आम्ही रांगोळीचे छाप एक्स-रेच्या फिल्मवर कापायचो. फिल्म ब्लीचच्या पाण्यात टाकली की वरचा काळा थर सुटून येतो, मग निळसर पारदर्शक शीट उरते. तिच्यावर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा धरून नक्षी कापायची. माझ्या सासूबाईंनी कापलेलं कासव आणि गोपद्म अजून आहे माझ्याकडे, चैत्रांगणाला काढते. पन्नास वर्षांत कड बोथट झालेली नाही.

रेवा, मशीन जरूर घे, अंगठे जप. फक्त तुमच्या त्या मशीनला असं शीट कापता येतं का गं? माझ्या नातीसाठी विचारतेय.

मैथिली_पार्ले
काकू, येतं! ओएचपीची जाड पारदर्शक शीट मिळते ती कापते मी. ते कासव इथे नक्की दाखवा. फोटो काढून आकार ट्रेस करता येईल, म्हणजे सासूबाईंच्याच हाताची रेघ राहील.

स्नेहल_बालवाडी
काकूंच्या कासवासाठीच ब्रदरचं स्कॅन-एन-कट बनलंय असं वाटलं वाचताना. त्यात स्कॅनर आतच असतो. कागदावर काढलेलं चित्र मॅटवर ठेवायचं, मशीन ते वाचतं आणि त्याच आकारात कापतं, कॉम्प्युटर लागतच नाही, त्याच्यावरच पडदा आहे. मी बालवाडी चालवते, मुलांनी खडूने काढलेले मासे आम्ही तसेच्या तसे कापून भिंतीवर लावतो, कोणाचा मासा चौकोनी, कोणाला पाच डोळे. मूल स्वतःचा मासा कापलेला बघतं तेव्हाचा चेहरा बघावा.

एसडीएक्स मालिकेतलं असेल तर जाडी ते स्वतः ओळखतं, ब्लेडची लांबी आपण ठरवत बसायची नाही. महाग आहे, बाकी दोघांपेक्षा, आणि वजनही आहे, रोज टेबलावरून उचलणाऱ्याला अवघड जाईल. रेवा, तुझ्या लेबलांसाठी हे घे असं मी म्हणणार नाही. पण हाताने चित्र काढणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचवणार नाही.

चारुता
एक बाळबोध प्रश्न. छापलेलं लेबल नेमकं कडेनेच कापायचं हे मशीनला कळतं कसं?

निखिल_बोरिवली
बाळबोध नाही, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे हा. सॉफ्टवेअर चित्राबरोबर कोपऱ्यांत काळ्या खुणा छापून घेतं. मशीनमधला डोळा आधी त्या खुणा शोधतो, कागद किती वाकडा बसलाय ते मोजतो, मग कापतो. खुणा दिसल्या नाहीत तर काम तिथेच थांबतं. चकचकीत स्टिकर शीटवर उजेड परत फिरतो आणि डोळा फसतो. त्यावर उपाय, खुणांच्या वर चकाकी नसलेल्या चिकटपट्टीचा, त्या धुरकट दिसणाऱ्या टेपचा, छोटा तुकडा लावायचा. लगेच वाचतो.

ए-फोरवर खुणांची जागा सोडून दोन इंची गोल लेबलं १२ आरामात बसतात. इंकजेटवर छापत असाल तर वर पारदर्शक फिल्म लावून मगच कापा, नाहीतर तुपाचा हात लागला की 'चकली'ची शाई पसरते.

गौरी_फराळ
लेबलाचा विषय निघालाय म्हणून. खाण्याच्या डब्याचं लेबल असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी नंबर, वजन, तारीख, घटक हे सगळं घालायला जागा ठेवा. मी पहिल्या वर्षी इतकी सुंदर गोल लेबलं केली, मध्ये पणती, कडेने वेलबुट्टी, आणि नंबर घालायला जागाच नाही. सगळी परत. आता चौकोनी करते.

रेवा_मुलुंड
गौरी, हे फार उपयोगी सांगितलंस, जाऊबाईंना वाचून दाखवलं. निखिल, तेही टिपून घेतलं. आता मराठी अक्षरांचं कोणीतरी सांगा ना, मूळ अडचण तीच आहे.

ओंकार_डीटीपी
मी सांगतो, रोजचंच काम आहे.

आपली शिरोरेखा सलग दिसते पण फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षराची वेगळी असते, शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली. छापताना काही कळत नाही, शाईवर शाई पडते. ब्लेडला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते, ते प्रत्येक सांध्यावर उभी चीर मारतं. 'बारसं' कापलंत की शिरोरेखा तीन ठिकाणी तुटते आणि सोलताना काना एकीकडे, र दुसरीकडे. मशीनचा यात दोष नाही, कुठल्याही मशीनवर हेच होणार.

उपाय: इंकस्केपमध्ये (फुकट आहे) शब्द टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, 'अनग्रुप' करा, सगळं निवडून 'युनियन'. आता तो एकच आकार झाला. क्रिकट आणि सिल्हूट दोन्हीत यालाच 'वेल्ड' म्हणतात. पण मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइपच करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली, हे सगळं टळतं. बाहेर टाइप करा, पाथ करा, आकार म्हणून आत न्या. जुन्या लोकांकडे कृतिदेव, श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतील तर तेही चालतात, त्यात प्रत्येक तुकडा इंग्रजी कीवरच बसवलेला असतो म्हणून सॉफ्टवेअर गोंधळत नाही.

फॉन्ट: आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बालू दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या वस्तूवर बिनधास्त वापरा. बालू कापायला सर्वांत चांगला, जाड आणि गोल कडा. त्यांचाच मोदक दिसायला अप्रतिम आहे पण अक्षरांच्या आतली फट इतकी बारीक आहे की दोन इंचांखाली कापू नका, कागद तिथे फाटतो.

आणि अनुस्वार! रेडियमवर चालतो, कारण ट्रान्सफर टेपवर (कापलेली अक्षरं उचलून लावायची चिकट पट्टी) सगळं एकत्र उचललं जातं. पण केकवर खोचायला कार्डशीटचा शब्द कापला तर टिंब सुटून पडतं. त्याला अक्षराशी बारीक दांडीने जोडून मग युनियन करा.

सुमनकाकू
छापाचंही तेच असतं हो. 'व'च्या पोटातला तुकडा पडू नये म्हणून आम्ही मध्ये पूल ठेवायचो. सासूबाई म्हणायच्या, पूल ठेवायला विसरलीस तर पोट गळून पडेल.

ओंकार_डीटीपी
काकू, स्टेन्सिलचा नियम याहून सोपा कोणीच सांगितला नसता.

दीपक_लालबाग
जरा वेगळं विचारतो. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्या घरी कागदी मखर करतो. या मशीनवर मखराची जाळी होईल का? सनपॅक (प्लास्टिकची पोकळ शीट), पाच मिमीचा फोम वगैरे?

प्लॉटरकाका
सनपॅक आणि पाच मिमी, नाही. या घरगुती मशीनच्या रुळाखाली ते जातच नाही, आणि गेलं तरी दाब पुरत नाही. ते काम हातात कटर घेऊन किंवा मोठ्या मशीनवर. पण ३०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) कार्डशीटची जाळी होईल, तुकड्या तुकड्यांत, मागे लाकडी पट्टीची चौकट करून. मागून दिवा सोडलात तर थर्माकोलपेक्षा देखणं दिसतं, हे मी थर्माकोलची मखरं आयुष्यभर बघितलेला लालबागचा माणूस सांगतोय.

दीपक_लालबाग
काका, घर सांगा तुमचं, या वर्षी बसूया एकत्र.

चारुता
कंदिलाला पण होईल ना मग! माहीमच्या कंदील गल्लीत गेल्या वर्षी कागदी जाळीचे बघितले होते, नजर हटत नव्हती.

मैथिली_पार्ले
होतं, मी करते. फक्त पतंगाचा कागद मॅटवर लावू नकोस, निघताना फाटतो. जाळी कार्डशीटची कापायची आणि पतंगाचा कागद मागून हाताने चिकटवायचा.

अश्विनी_के
पावसाळ्याबद्दल कोणी बोललं नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर कार्डशीट हवेतलं पाणी पिऊन मऊ पडते, मग ब्लेड कापण्याऐवजी ओढतं आणि कडेला तंतू सुटतात. आणि नेमका तोच गणपतीच्या ऑर्डरींचा काळ. मी कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, लागेल तेवढाच बाहेर काढते. मॅटवर धूळ बसली तर कोमट पाणी आणि साबणाचा थेंब, हलक्या हाताने, सावलीत वाळवायची. पुन्हा चिकटते. एका मॅटचे बरेच महिने निघतात असे.

माझी एक चूक सांगते, दुसऱ्या कोणी करू नये म्हणून. मी वापरलेलं मशीन ऑनलाइन एका अनोळखी माणसाकडून घेतलं, स्वस्त होतं. ते त्याच्या खात्याला जोडलेलं होतं, ते त्याने सोडवलं नव्हतं आणि पैसे मिळाल्यावर फोन उचलणं बंद. दीड महिना ते टेबलावर नुसतं बसून. आमच्या ह्यांचा हप्ता त्यात गेला होता, मला रात्री झोप लागायची नाही. शेवटी कंपनीशी ईमेलवर बोलून, बिलाचा फोटो पाठवून सुटलं. जुनं घ्यायचं तर विकणाऱ्यासमोर सुरू करून, स्वतःच्या फाइलने एक तुकडा कापून मगच पैसे द्या.

निखिल_बोरिवली
अश्विनीताई, वाचून वाईट वाटलं. "स्वतःच्या फाइलने" हे शब्द सोन्याचे आहेत. नवीन घेतानाही तेच करावं खरंतर.

रेवाताई, माझं जुनं पोर्ट्रेट घरी पडून आहे, आता कॅमिओ वापरतो. आठवडाभर घेऊन जा, खरंच. मैथिलीताईंचं क्रिकटही बघा. तुमचाच हत्ती आणि तुमचंच बारसं दोन्हीवर कापा.

मैथिली_पार्ले
ये गं, शनिवारी घरीच आहे. थालीपीठ खायला ये.

*(दोन आठवड्यांनी)*

रेवा_मुलुंड
मंडळी, उशीर झाला, ऑर्डर होती. सगळं सविस्तर लिहिते.

काकांची वही केली आधी. वर्षभरात १०० पैकी ८० कामं कार्डशीटची, बाकी लेबलं आणि थोडं रेडियम. कापड शून्य. आणि सगळ्यात मोठा एकसंध तुकडा साडेसात इंचांचा! मी तर डोक्यात १२ इंची घेऊन बसले होते.

मग पार्ल्याला मैथिलीताईंकडे. ओंकारने सांगितल्याप्रमाणे दोन फायली नेल्या होत्या, एक युनियन न करता, एक करून. पहिली 'बाळाचं बारसं' कापली तेव्हा मशीन थांबेपर्यंत सगळं सुरेख दिसत होतं, आणि उचलायला गेले तर शिरोरेखा खरंच सांध्यासांध्यावर सुटली, ळ हातात आणि त्याचा काना मॅटवर. दुसरी कापली, सलग. ताईंनी एक युक्ती दाखवली, कागद मॅटवरून ओढायचा नाही, मॅट उलटी करून कागद टेबलाला टेकवायचा आणि मॅट मागे वाकवत सोडवायची, मग कागद वळत नाही. ळ च्या दोन्ही पोटातले तुकडे टाचणीने काढले, डाळिंबाचे दाणे काढतात तसे. पूर्ण शब्द तळहातावर सपाट पडला तेव्हा माझे डोळे भरून आले, ताईंनी बघितलं आणि काही न बोलता थालीपीठ पुढे केलं.

एक गोष्ट तिथेच कळली. कापायला चार मिनिटं आणि तुकडे काढायला अठरा. म्हणजे मशीन घेतलं तरी जाऊबाई आणि मी दोघी लागणारच.

नंतर निखिलचं पोर्ट्रेट घरी आणलं. ते कपाटातल्या साड्यांच्या खणात मावतं, हा मोठा प्रश्न सुटला. नेट बंद करून चालवून बघितलं, चाललं. ए-फोरवर हत्ती ६ बसतात, ६० ला दहा शीट, म्हणजे क्रिकटपेक्षा तीन शीट जास्त, चालेल मला. सॉफ्टवेअर जड गेलं, खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस ब्लेड मॅटच कापत होतं. मग काकांना फोन केला.

पोर्ट्रेट घेतेय. मोठं काही आलं तर पूर्वीसारखं रेडियमवाल्याकडे, त्यालाही सांगून आले, तो म्हणाला ताई बारीक काम माझ्याकडे आलं तर तुमच्याकडे पाठवतो.

प्लॉटरकाका
छान केलंत. बाकीच्यांसाठी फोनवर सांगितलेलं लिहून ठेवतो: हाफ कटला ब्लेड इतकंच बाहेर हवं की मागच्या कागदावर फक्त पुसट रेघ उमटावी, बोटाला जेमतेम लागेल अशी. रोज काम सुरू करताना कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा चौकोन कापून बघा आणि सोला. तो नीट निघाला तरच पुढे. आणि कार्डशीटचं ब्लेड आणि रेडियमचं ब्लेड वेगळं ठेवा, कागद ब्लेडची धार लवकर खातो.

मैथिली_पार्ले
क्रिकट घेतलं नाहीस तरी रागावले नाहीये. शनिवारी येत राहा.

निखिल_बोरिवली
नवीन येईपर्यंत माझंच ठेवा. घाई नाही.

सुमनकाकू
नातीने कासवाचा फोटो काढलाय, इथे कसा चढवायचा ते विचारून टाकते.

चारुता
अभिनंदन रेवाताई! कार्डशीट कुठून घेता तेवढं सांगा, आमच्या इथे स्टेशनरीवाल्याकडे १८० जीएसएमच्या वर काही नाही.

रेवा_मुलुंड
क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीट. सकाळी ११ ला जा, दुपारी चालायला जागा राहत नाही. नमुना म्हणून एकेक शीट मागून घे, घरी कापून बघ, मग गठ्ठा उचल. बुधवारी मी जातेय, येतेस?

चारुता
येते. मशीद बंदरला उतरू की सीएसएमटीला?

रेवा_मुलुंड
मशीदला. तिकीट खिडकीपाशी थांब, माझ्या हातात निळी पिशवी असेल.